दुधात ठेवलेला दगड

गेल्या कोजागरीच्या संध्याकाळी आम्ही रेवदंड्याच्या पडक्या तटाजवळ, समुद्राच्या अंगाला बसलो होतो. उधाणाची भरती होती. थोड्या अंतरावर तिघेचौघे तरुण वाळूत कापड पसरून त्यावर खडे मांडत होते. त्यांत एक जांभळा अमेथिस्ट होता, गुलाबी स्फटिकाचे दोनतीन गोटे होते, मोत्यांचा एक सर होता आणि पोवळ्याची अंगठी होती. एकेक जिन्नस ओंजळीत घेऊन ते लाटेत बुडवीत आणि पुन्हा कापडावर चांदण्यात ठेवीत. आम्ही कुतूहलाने विचारले, तेव्हा त्यांच्यातल्या एका मुलीने अगत्याने सगळे समजावून सांगितले. हे खडे माणसाच्या अंगातली वाईट ऊर्जा ओढून घेतात, महिन्याभरात ते भरून जातात, मग खाऱ्या पाण्याने आणि पौर्णिमेच्या चांदण्याने त्यांना रिते करावे लागते. "आणि नाही केले तर?" असे आम्ही विचारले. "मग ते काम करेनासे होतात. गुण आला नाही, तर समजायचे की शुद्धी नीट झाली नव्हती."

हे शेवटचे वाक्य आम्हांस नवे नव्हते. ते आम्ही लहानपणी आमच्या आजीकडून ऐकले होते, आणि तिने ते ज्या संदर्भात सांगितले तो आठवून त्या रात्री झोप आली नाही. प्रस्तुत लेख त्या अस्वस्थतेतून लिहिला आहे.

आमचे मूळ घर चौलला, नारळीपोफळीच्या वाडीत. देवघरातल्या एका पितळी डबीत एक काळा, चपटा, अर्ध्या सुपारीएवढा दगड असे. त्यास घरात 'विषाचा दगड' म्हणत. गावात कोणास साप चावला की पणजोबांना बोलावणे येई. दंशाच्या जागी चिरा देऊन रक्त काढायचे, त्यावर दगड ठेवायचा, तो जागच्या जागी चिकटून राही. काही वेळाने आपोआप गळून पडला की विष ओढून झाले असे मानीत. मग दगड घरी आणून गाईच्या दुधात ठेवायचा. रात्रभरात दुधाचा रंग पालटे, दूध नासे. ते पोफळीच्या मुळाशी न टाकता दूर खाजणात ओतायचे, असा दंडक होता. हे दुधाचे काम घरातल्या बाईचे, म्हणजे आमच्या पणजीचे.

एकोणीसशे तीसच्या दशकात केव्हातरी, जिल्ह्यास अजून कुलाबा म्हणत असत तेव्हा, पणजोबांचे धाकटे भाऊ पहाटे वाडीला शिंपणे लावायला गेले असता त्यांना साप चावला. साप कोणता होता ते कोणी पाहिले नाही. दगड लावला, तो चिकटला, गळून पडला, दुधात ठेवला. दूध पालटले. घरात सर्वांचा जीव भांड्यात पडला. दुपार उलटायच्या आत ते गेले. त्यानंतर दिवसकार्याला जमलेल्या मंडळींत जो निवाडा झाला तो असा: दगड खरा, पण मागच्या खेपेस तो दुधात पुरता शुद्ध झाला नव्हता, त्यामुळे आधीच भरलेला होता. दुधाचे काम पणजीचे होते. तिला कोणी उघड बोलले नाही. पण त्या दिवसापासून डबीला हात लावायची तिला मनाई झाली आणि दिराचे मरण तिच्या नावावर लागले ते लागलेच. आजी हे सांगताना आवाज खाली आणीत असे. "सासूबाई दर अवसेला दूध घेऊन डबीसमोर बसायच्या, पण डबी उघडायच्या नाहीत," एवढे सांगून ती थांबे.

हा दगड आमच्या घरात कोठून आला हे सांगणारे कोणी उरलेले नाही. परंतु अशा दगडांचा इतिहास मात्र बराच लिहिला गेला आहे, आणि तो याच किनाऱ्याच्या व्यापाराशी बांधलेला आहे. चौल हे जुने बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक नौकाग्रंथात ते सेमिल्ला या नावाने येते. टॉलेमी त्यास सिमिल्ला म्हणतो. कान्हेरीच्या लेखांत चेमुलच्या दात्यांचा उल्लेख आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी अल-मसूदी येथे आला, तेव्हा त्याने त्यास सैमूर म्हटले. १५२१ साली पोर्तुगीजांनी येथे पाय रोवले आणि १७४० साली ठाणे मराठ्यांच्या हाती येईपर्यंत दीव, चौल आणि गोवा ही त्यांच्या एकाच सागरी साखळीतली ठाणी होती.

या साखळीच्या वरच्या टोकाचे दीव बंदर सतराव्या शतकात सापाच्या दगडासाठी प्रसिद्ध होते. पोर्तुगीज त्यास 'पेद्रा द कोब्रा' म्हणत. १६६६ च्या सुमारास भारतात फिरलेल्या तेव्हेनो या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, हे दगड दीवमध्ये तयार केले जातात. मुळ्या जाळून त्यांची राख एका विशिष्ट मातीत मिसळतात आणि पुन्हा भाजतात. म्हणजे हा दगड नागाच्या मस्तकातून निघत नव्हता, भट्टीतून निघत होता. वापरण्याची रीत त्याने दिली आहे ती आमच्या घरच्या रीतीहून वेगळी नाही. जखमेतून रक्त काढावे, दगड लावावा, तो आपोआप गळून पडेपर्यंत थांबावे, मग बाईच्या दुधात, ते न मिळाल्यास गाईच्या दुधात बुडवावा, म्हणजे शोषलेले सगळे विष तो तेथे टाकून देतो. तसे न केल्यास दगड फुटतो, असेही तो सांगतो. त्याचाच समकालीन आणि जवाहिऱ्याचा धंदा करणारा ताव्हेर्निये हाही दुधाचीच रीत सांगतो. दहाबारा तासांनी दुधाचा रंग पुवासारखा होतो, असे त्याचे निरीक्षण आहे. आमची पणजी जे करीत होती ते करण्याची पद्धत तिच्या जन्माच्या दोनअडीचशे वर्षे आधी छापून निघालेली होती.

हे दगड मिशनऱ्यांबरोबर युरोपात गेले. रोममध्ये अथानासिउस किर्शर या जेझुइट पंडिताने फुरसे-घोणसांच्या जातकुळीतला साप एका कुत्र्यास चाववून त्यावर दगड लावून पाहिला. कुत्रा वाचला, आणि किर्शरची खात्री पटली. फ्लॉरेन्सच्या दरबारी वैद्य असलेल्या फ्रान्चेस्को रेदीने मात्र एकाच प्रयोगावर विसंबायचे नाकारले. त्याने निरनिराळे दगड घेऊन पुनःपुन्हा प्रयोग केले. जनावरे मरत गेली. हा सारा वृत्तांत त्याने १६७१ साली किर्शरलाच उद्देशून लिहिलेल्या पत्राच्या रूपाने प्रसिद्ध केला. एक कुत्रा वाचला यावरून दगडाचा गुण सिद्ध होत नाही, कारण दगड न लावताही काही जनावरे वाचतात, हा त्यातला मुद्दा. आज सर्पदंशाविषयी जे ठाऊक आहे ते यास पुष्टीच देते. पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. अशा वेळी माणूस वाचणारच असतो, मग दगड लावा किंवा नका लावू. विष शिरलेले असले तर ते दातांबरोबर खोल जाते आणि लसिकावाहिन्यांतून पुढे सरकते. कातडीवर ठेवलेल्या दगडाचा तेथवर हात पोहोचत नाही.

मग दुधाचे काय? दूध तर खरोखरच पालटत असे. आमच्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म येथे आहे. भाजलेले हाड किंवा भाजलेली माती सच्छिद्र असते. ओल्या जखमेवर ठेवली की ती रक्त आणि पाणी शोषते, म्हणून चिकटते. छिद्रे भरली की सुटते, म्हणून गळून पडते. दुधात टाकली की छिद्रांतली हवा बुडबुड्यांनी वर येते आणि शोषलेले रक्त पाझरते. दुधाचा रंग पांढरा, त्यामुळे थोडेसे रक्तही त्यात उठून दिसते. शिवाय कोकणच्या हवेत न तापवलेले दूध दहाबारा तास उघडे राहिले, तर ते दगडावाचूनही नासते. एवंच दुधात जे दिसे ते रक्त होते, हवा होती आणि नासके दूध होते. पाहणाऱ्याला मात्र विष दिसे, कारण विष दिसेल असे त्याला आधीच सांगितलेले असे.

म्हणजे शुद्धी ही नुसती देखभाल नव्हती, तो पुरावा होता. दगडाने काही ओढून घेतले किंवा नाही हे जखमेकडे पाहून कळत नसे, ते दुधाकडे पाहून कळे. ज्या वस्तूला धुवावे लागते ती मळलेली असलीच पाहिजे, आणि मळली म्हणजे तिने मळ घेतला असलाच पाहिजे, हा तर्क इतका सहज आहे की तो तर्क आहे हेच ध्यानात येत नाही. शुद्धीचा दुसरा उपयोग याहून गंभीर आहे. माणूस दगावला, तर दोष दगडाकडे जात नाही, शुद्धी करणाऱ्याकडे जातो. दगडाची कीर्ती अबाधित राहते आणि त्यासाठी कोणाला तरी किंमत मोजावी लागते. आमच्या घरी ती पणजीने मोजली.

येथे कोणी म्हणेल की, रत्नांचे शोधन ही तर आपली जुनी, शास्त्रोक्त गोष्ट आहे, तिला सापाच्या दगडाच्या पंक्तीस का बसवता? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर जुन्या ग्रंथांतच मिळते. आपल्या परंपरेत रत्नासंबंधी दोन स्वतंत्र विद्या होत्या. एक रत्नपरीक्षा, दुसरी रसशास्त्र. दोन्हींचे व्यवसायही निराळे होते. कान्हेरीच्या एका लेखात सोपाऱ्याचा मणिकार दाता म्हणून येतो. आमच्याच जिल्ह्यात, मांदाडच्या खाडीवरील कुडे येथील लेण्यांत एका लेण्याचे दान सोमदेव नावाच्या वैद्याने केले आहे. त्याचा बाप इसिरखित हाही वैद्यच होता. मणी घडविणारा आणि औषध देणारा, हे दोघे या किनाऱ्यावर दोन हजार वर्षांपूर्वी वेगवेगळे गृहस्थ होते.

रत्नपरीक्षेत रत्नाचे गुणदोष रत्नाच्या अंगचे मानलेले आहेत. सहाव्या शतकातील वराहमिहिराची 'बृहत्संहिता' घ्या, बुद्धभट्टाची 'रत्नपरीक्षा' घ्या, किंवा बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने रचलेला 'मानसोल्लास' घ्या. चांगले रत्न शुभ, वाईट अशुभ, म्हणून पारखून घ्यावे, असा तेथला विचार आहे. हिऱ्यात काकपद असेल, बिंदू असेल, रेखा असेल, तर तो टाकावा. दूषित रत्न धुऊन निर्दोष करण्याची सोय तेथे नाही. रत्न शुभ असते या श्रद्धेवर कोणाचा विश्वास असो वा नसो, पण त्या विचारात परीक्षा वस्तूची होते. वापरणाऱ्याच्या हातून शुद्धीत चूक झाली म्हणून हिरा फसला, असे म्हणायला तेथे वाव नाही.

रसशास्त्रात शोधन आहे, आणि ते तपशीलवार आहे. तेराव्या शतकाच्या आसपासचा मानला जाणारा 'रसरत्नसमुच्चय' नऊ रत्नांसाठी नऊ द्रव्ये सांगतो. माणकास आंबट रस, मोत्यास जयंतीचा रस, पोवळ्यास क्षार, पाचूस गाईचे दूध, पुष्कराजास कुळथाचा काढा घातलेले आंबवण, हिऱ्यास तांदुळज्याचा रस, नीलमास निळीचा रस, गोमेदास गोरोचन, लसण्यास त्रिफळ्याचा काढा. खडा पुरचुंडीत बांधून तो द्रवात लोंबता ठेवायचा आणि मडके तापवायचे, यास दोलायंत्र म्हणतात. पण हे सारे कशासाठी? रत्नाचे भस्म करून पोटात देण्यासाठी. शोधनानंतर रत्नाची पाळी खलाची आणि पुटाची असे. अंगठीत परत बसविण्यासाठी हे शोधन नव्हते. या भस्मांच्या औषधी गुणांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो येथे उकरून काढण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे एवढेच की, वैद्य ज्या दगडाचे शोधन करी तो दगड शिल्लक राहत नसे.

पोर्तुगीज काळात या दोन विद्यांच्या मध्ये एक तिसरा बाजार उभा राहिला. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या वैद्याचा वनस्पती व औषधिद्रव्यांवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात बेझोआरपासून हिऱ्यापर्यंत सर्वांची चर्चा आहे. अकीक रक्तस्राव थांबवतो अशी ख्याती त्याने नोंदवली आहे, आणि एवढा गुणी दगड किती स्वस्त मिळतो, याचेही त्याला नवल वाटले आहे. दुआर्ते बार्बोझाने त्याआधी गुजरातेतील लिमोद्र्याच्या अकिकाविषयी लिहिले होते. हे खडे आगीत भाजून लाल करतात, हे त्याने पाहिले होते. मातकट खड्यातील लोहाचे संयुग तापून पाणी सोडते आणि तांबडे होते. अकिकाचा जो रक्तासारखा रंग पाहून लोक रक्ताशी त्याचे नाते जोडीत, तो पुष्कळदा गोवऱ्यांच्या आगीने दिलेला असे. सतराव्या शतकाच्या मध्यास गोव्यातील जेझुइटांनी तर 'गोव्याचा दगड' या नावाचा कृत्रिम औषधी गोळाच तयार करून विकला. या बाजारात दगड औषधाप्रमाणे काम करी, पण औषधाप्रमाणे संपत नसे. न संपणाऱ्या औषधाची एक अडचण असते. ते पुनःपुन्हा वापरायचे, तर दोन वापरांच्या मध्ये त्याचे काहीतरी केले पाहिजे. सापाच्या दगडाचे दूध ही त्या अडचणीवरची तोड होती, असे आम्हांस वाटते.

आता रेवदंड्याच्या वाळूतल्या त्या कापडाकडे पुन्हा येऊ. स्फटिकांनी आजार बरे करण्याचे आजचे वेड अमेरिकेत १९७०-८० च्या दशकांत फोफावले आणि तेथून आपल्याकडे आले. गंमत अशी की, त्या दुकानांतील पुष्कळसे खडे मूळचे महाराष्ट्रातलेच असतात. दख्खनच्या बेसाल्टात लाव्हा निवताना राहिलेल्या पोकळ्यांत अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांचे सुंदर स्फटिक तयार झाले आहेत. १८६३ साली पुरा झालेला बोरघाटाचा लोहमार्ग खोदताना, म्हणजे आमच्याच जिल्ह्याच्या माथ्यावर, असे स्फटिक बाहेर पडले आणि युरोपातील संग्रहालयांत जाऊन बसले. आज पुणे, नाशिक, जळगावकडच्या खडीच्या खाणींतून ते परदेशी जातात. खाणमजुराच्या हातून गेलेला दगड शुद्धीची चिठ्ठी बरोबर घेऊन परत येतो.

या खड्यांनी अंगात काही जाणवते किंवा नाही याची परीक्षाही झाली आहे. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातील मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००१ साली मांडलेल्या प्रयोगात ८० जणांच्या हाती स्फटिक दिले. काहींना खरे, काहींना नकली. हातात ऊब किंवा झिणझिण्या जाणवतात असे दोन्ही गटांनी सारख्याच प्रमाणात सांगितले. स्फटिक काय करतो यापेक्षा तो काय करील असे सांगितले गेले होते, यावर अनुभव ठरत होता. दुधाची गोष्ट याहून निराळी नाही.

शुद्धीच्या या नव्या विधींत जुन्या दोन्ही विद्यांचे अवशेष सरमिसळ झालेले दिसतात, आणि त्यात नुकसान प्रथम दगडाचेच होते. मोती आणि पोवळे हे दोन्ही मुख्यतः चुनखडीच्या जातीचे. लिंबू, व्हिनेगर यांनी ते विरघळतात, घामानेही निस्तेज होतात. समुद्राच्या लाटेत तर वाळू असते, आणि वाळूतला गारेचा कण मोत्याहून कितीतरी कठीण असतो. एका बुडवणीत पृष्ठभागावर ओरखडे उठतात, आणि दोऱ्यात राहिलेले मीठ दोरा कुजवते. अमेथिस्टचा रंग कडक उन्हात फिका पडतो. सेलेनाइट म्हणून विकला जाणारा जिप्सम पाण्यात हळूहळू विरघळतो. अपोफिलाइटच्या अंगातच पाणी असते, तापवला तर तो ते सोडून धुरकटतो. 'रसरत्नसमुच्चया'तील माणकास सांगितलेला आंबट रसही आता बिनधोक राहिलेला नाही. हल्ली बाजारात येणाऱ्या स्वस्त माणकांच्या भेगांत शिशाची काच भरलेली असते, आणि साधा लिंबाचा रसही ती काच खातो.

आमच्या घरच्या बायका दागिन्यांना जपत त्याची रीत साधी होती. सोने रिठ्याच्या पाण्यात धूत, मऊ कापडाने टिपत. नथीच्या आणि तन्मणीच्या मोत्यांना पाणी लागू देत नसत, अंगावरून उतरल्यावर कोरड्या मलमलीने पुसून मग डबीत ठेवत. दोरा काळवंडला की पटवेकऱ्याकडे दागिना गाठवायला जाई. कोंदण ढिले झाले असेल तर सोनाराकडे. या रीतीत मळ म्हणजे घाम, तेल, धूळ आणि कुंकू. तो डोळ्यांना दिसे, आणि गेला की गेल्याचेही दिसे. पणजीची नथ आज आमच्याकडे आहे. तिच्या मोत्यांचे पाणी अजून टिकून आहे. जिच्या हाताला शुद्धी जमली नाही असा निवाडा झाला, त्याच हाताने ही नथ चाळीस वर्षे सांभाळली होती.

कोणी म्हणेल, हौसेने चार खडे चांदण्यात ठेवले तर कोणाचे काय बिघडते? हौसेपुरते असेल तर काही नाही, मोती खराब होतील एवढेच. पण दगडावरचा विश्वास नेहमी हौसेपुरता राहत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांत आणि सुमारे निम्मी पावसाळ्यात. जो वेळ दगड, चिरा आणि दूध यांत जातो, त्या वेळात रुग्णालय गाठता येते, आणि प्रतिविषाचा उपयोग वेळेवरच अवलंबून असतो. दंशाच्या जागी कापू नये, करकचून बांधू नये, तो अवयव हलवू न देता माणसाला दवाखान्यात न्यावे, एवढे आज कोणताही डॉक्टर सांगेल.

याच रायगड जिल्ह्यात, किनाऱ्यापासून थोडे आत, महाडच्या परिसरात एक वेगळे उदाहरण घडले आहे. लाल विंचवाच्या दंशाने येथे माणसे दगावत, विशेषतः मुले. मंत्र, मुळ्या, दगड, सारे काही होते. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रात रुजू झाले. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून रक्तदाब, नाडी, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या, विष हृदयावर आणि फुप्फुसांवर कसे काम करते ते ओळखले, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याविषयी लिहिले. पश्चिम भारतात फुप्फुसांत पाणी झालेल्या विंचूदंशाच्या रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण आधी २५-३० टक्के होते, ते पुढे एका टक्क्याच्या खाली आल्याचे त्यांच्या नोंदी सांगतात. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या दृष्टीने त्यांच्या कामातली मोलाची गोष्ट ही की, रुग्ण दगावला तेव्हा दोष उपायात शोधला गेला. औषध बदलले, मात्रा बदलली, पुन्हा नोंद केली. मेलेल्याच्या घरातील कोणत्याही बाईला त्यासाठी जाब द्यावा लागला नाही.

उपाय खरा की खोटा हे ओळखण्याची एक साधी खूण यातून हाती लागते. उपाय फसला तर तो फसला असे म्हणण्याची मुभा त्या पद्धतीत आहे का, ते पाहावे. सापाच्या दगडात ती नव्हती, रेवदंड्याच्या त्या मुलीने सांगितलेल्या विधीतही नाही. तिथेही गुण न आल्यास दोष तिचाच ठरणार आहे. ती मुलगी मनाने चांगली होती. आईच्या दुखण्यासाठी हे सारे करीत असल्याचे तिने जाताजाता सांगितले. आम्ही तिला मोत्यांचा सर समुद्रात बुडवू नकोस एवढेच म्हणालो. आईच्या प्रकृतीत उतार पडला नाही तर त्याचे खापर स्वतःच्या माथी मारून घेऊ नकोस, हे सांगायला हवे होते, ते ओठांवर येऊन राहिले.

तो काळा दगड आता कपाटाच्या खणात आहे. त्याला अनेक वर्षांत कोणी दूध दाखवलेले नाही, आणि तो फुटलेलाही नाही. पणजीच्या हातून शुद्धीत काही चूक झाली नव्हती. हे तिच्या हयातीत कोणी तिला सांगितले नाही. घरातल्या पुढच्या मुलांना तरी ते ठाऊक असावे, म्हणून येथे लिहून ठेवले आहे.